साहेब, तुमचं प्लस-मायनस कुठंय?

प्रति,
रा. रा. रेंजराव किलोमीटरे,
मुक्काम डॅशबोर्ड, बॅटरीच्या चित्राशेजारी.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्याइतका बिनधास्त आकडा आमच्या पंचक्रोशीत दुसरा नाही, आणि ही पंचक्रोशी तर आकड्यांचीच आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत दर पाळीला शाफ्टचे व्यास, गिअरच्या दातांची जाडी, बोल्ट आवळायचे टॉर्क, रंगाच्या थराचे मायक्रॉन मोजले जातात. त्यांतला एकही आकडा एकटा फिरत नाही. प्रत्येकाच्या मागे प्लस-मायनस असतं. 25 प्लस-मायनस 0.02. कालपरवा आयटीआयमधून बाहेर पडलेला अप्रेंटिससुद्धा ड्रॉइंगवर टॉलरन्स दिसला नाही तर मशीन सुरू करत नाही, आधी येऊन विचारतो. तुम्हाला आजवर कुणी विचारलं नाही आणि तुम्हीही आपणहून सांगितलं नाहीत.

सकाळी गाडीत बसावं तर तुम्ही हजर: 287. तीनशेच्या आसपास नाही, अडीचशे ते तीनशे नाही. 287. त्यातला शेवटचा सातसुद्धा ठाम. मी भोसरीत एका व्हेंडरकडे क्वालिटीला आहे. (ओळख एवढ्याचसाठी देतोय, की आपल्याला मोजमाप शिकवणारा हा कोण, असं तुम्हाला वाटू नये.) आमच्याकडे ज्या हत्याराचं लीस्ट काउंट एक आणि चूक सत्तर, त्या हत्याराला जॉबजवळ फिरकू देत नाहीत. तुम्हाला मात्र गाडीतली सगळ्यात मोक्याची जागा मिळाली आहे, वर रंगीत दिवेही.

कारखान्याचे नियम रस्त्यावर कशाला, असं तुम्ही म्हणाल. मग रस्त्यावरचेच बघू. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे सूट किती? 25 मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का. घरोघरी बसणारं विजेचं मीटर साधारण एक टक्क्याच्या वर्गातलं असतं. आणि स्पीडोमीटर, जो तुमच्याच काचेखाली राहतो, त्याचे संस्कार तर बघा. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावर बऱ्याच देशांतले स्पीडोमीटर बेतलेले असतात, तो सांगतो की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवणार नाही. जास्त दाखवला तर चालेल, पण तोही ठरलेल्या मर्यादेत. चूक व्हायचीच असेल तर ती माणसाच्या भल्याची व्हावी, असा त्यामागचा विचार. एकाच डॅशबोर्डावर राहून शेजाऱ्याचा हा गुण तुम्हाला लागला नाही. हायवेला लागलं की तुमची चूक हटकून एकाच बाजूला जाते आणि ती बाजू माझी नसते.

तुमच्या थोरल्या बंधूंबद्दलही बोलायला हवं. ते ब्रोशरमध्ये राहतात. त्यांचं बालपण आम्हाला चांगलं ठाऊक आहे, कारण ते इथलेच. 1966 साली स्थापन झालेली वाहन-चाचणी संस्था एआरएआय पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे आणि तिचं एक होमोलोगेशन केंद्र चाकणलाच आहे. तुमच्या घराण्यातल्या बहुतेकांच्या जन्मदाखल्यावर तिचा शिक्का असतो. लोकही सरसकट ‘एआरएआय रेंज’ असंच म्हणतात. तिथं गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. एसी बंद. चाचणी-चक्राच्या शहरी भागात वेग पन्नासच्या वर जात नाही, शहराबाहेरच्या भागात नव्वदच्या वर नाही. पूर्ण चक्र 1180 सेकंदांचं, म्हणजे वीस मिनिटांच्याही आतलं. बॅटरी मान टाकेपर्यंत तेच चक्र पुन्हा पुन्हा. रोलरवर ना खड्डा, ना ट्रेलर, ना उलट्या दिशेनं येणारा टेम्पो.

या चाचणीला मी खोटी म्हणणार नाही. आमच्या स्टँडर्ड रूमलाही 20 अंश तापमान लागतं, कारण लांबी मोजायचं जगानं ठरवलेलं तापमान तेच आहे. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना रोलर एक, चक्र एक, हवा एक हवी. एआरएआय तेवढंच करते आणि ते काम चोख असतं. भानगड पुढं होते. आमच्या रिपोर्टवर ‘20 अंशांना मोजलं’ असं आकड्याच्या शेजारी छापलेलं असतं. तुमच्या थोरल्यांचा आकडा होर्डिंगवर पुरुषभर उंचीचा आणि अट मात्र एका चांदणीत, जी वाचायला नाशिक फाट्याच्या पुलावर गाडी थांबवून खाली उतरावं लागेल.

चाकणचाच दाखला घ्या. 30 सप्टेंबर 2022 रोजी मर्सिडीजनं चाकणला जुळवलेली ईक्यूएस 580 बाजारात आणली. समारंभाला नितीन गडकरी आले होते आणि दीड कोटीच्या वरची किंमत बघून ही गाडी आपल्यालाही परवडणारी नाही, असं ते बोलून गेले. पेपरांनी तेवढंच उचललं. मला मौज वाटली ती दुसऱ्या आकड्याची: एआरएआयनुसार रेंज 857 किलोमीटर. त्याच गाडीला युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत पावणेसातशेच्या आसपास मिळतात, अमेरिकेच्या ईपीएच्या हिशेबानं 340 मैल, म्हणजे साधारण 547 किलोमीटर. बॅटरी तीच, 107.8 युनिटांची. मोटर त्याच, टायर तेच. एका आकड्यावर चाकणहून निघालेला माणूस बंगळूरच्या वेशीपर्यंत जातो, दुसऱ्यावर हावेरीच्या आसपास चार्जर शोधत फिरतो. आमच्या स्टँडर्ड रूममध्ये एका जॉबची तीन मापं अशी निघाली असती तर आधी मोजणाऱ्याला चहा पाजून बसवलं असतं आणि मग तिन्ही हत्यारं जप्त केली असती.

तरी या घराण्यात सगळेच सारखे नाहीत, हे कबूल. पिंपरीची टाटा मोटर्स, जिला इथली जुनी माणसं अजून टेल्कोच म्हणतात, तिनं ऑगस्ट 2024 मध्ये कर्व्ह ईव्ही आणली. 55 युनिटांच्या बॅटरीला दावा 585 किलोमीटरचा. पुढं चाचणीचे शहरी आणि शहराबाहेरचे असे दोन्ही भाग धरले तेव्हा त्याच गाडीचे 502 झाले. पण त्याच्या जोडीला कंपनीनं स्वतःहून सी75 नावाचा आकडा छापला होता: शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्षात मिळतील इतके किलोमीटर. 400 ते 425. ‘ते’ हे अक्षर नीट बघा, रेंजराव. आमच्या पट्ट्यात त्यालाच टॉलरन्स म्हणतात. आणि ते छापल्यानं कंपनीचं दुकान बंद पडलं असं काही ऐकिवात नाही. बजाजनं जानेवारी 2020 मध्ये विजेवरची चेतक आणली तेव्हाही आकडे दोन दिले होते: इको मोडला 95, स्पोर्टला 85. म्हणजे जमतं. मनात आणलं की जमतं.

आणि नाही आणलं की काय होतं, तेही झालेलं आहे. मार्च 2021 मध्ये दिल्ली सरकारनं कमी रेंजच्या तक्रारीवरून टाटांच्याच नेक्सॉन ईव्हीचं अनुदान थांबवलं. दावा होता 312 किलोमीटरचा. कंपनी हायकोर्टात गेली, स्थगिती मिळाली. एका आकड्याची चांदणी वाचायला न्यायमूर्ती बसले.

असो. थोरल्यांचं थोरल्यांपाशी. ते निदान बंद खोलीत वाढलेले, त्यांना जग माहीत नाही. तुम्ही तर रोज माझ्याबरोबर रस्त्यावर असता. एसी सुरू आहे, मागे सासू-सासरे बसलेत, डिकीत गव्हाची पोती आहेत, सगळं तुम्हाला दिसतं. मग तुम्ही कुठं शिकता?

तुमचं गणित मी समजून घेतलंय. ते तिसरीतलं आहे. बॅटरीत उरलेली युनिटं गुणिले गेल्या काही किलोमीटरांत एका युनिटला मिळालेलं ॲव्हरेज. काही नव्या गाड्या नकाशात ठिकाण टाकलं तर चढ-उतारही धरतात, पण तुमचं बहुतेक कुटुंब अजून या एका गुणाकारावर पोट भरतं. यातली उरलेली युनिटं हा अंदाज. पुढचं ॲव्हरेज मागच्यासारखंच राहील हा दुसरा अंदाज. दोन अंदाजांचा गुणाकार करून उत्तर एका किलोमीटरच्या बारकाईनं सांगायचं, याला आमच्याकडे उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात.

आता हे ‘मागचं’ कुठलं असतं ते बघा. चाकणला कस्टमरकडे रिजेक्शनची मीटिंग असते. जनरल शिफ्ट सुटायच्या वेळेला मीटिंगही सुटते. मग तळेगाव चौक, आंबेठाण चौक, आळंदी फाटा, कुरुळी, चिंबळी फाटा असं एकेक स्टेशन घेत इंद्रायणीच्या पुलाकडे यायचं. वेग म्हणाल तर ताशी पाच किलोमीटर, तोही उदार मनानं धरलेला. मोटर बिचारी जवळजवळ काही खात नाही; विजेच्या गाडीला खरं तर संथ चाल मानवते, ब्रेकलाही थोडी वीज परत मिळते. पण एसी? तो उन्हाळ्यात साधारण सव्वा किलोवॅट घेत राहतो, गाडी चालो न चालो. सव्वा भागिले पाच. किलोमीटरमागे पाव युनिट निव्वळ गारव्याला गेलं. मोकळ्या रस्त्यावर आख्खी गाडी एका किलोमीटरला साधारण 0.13 ते 0.15 युनिटात चालते, म्हणजे चाकणच्या चौकात एसी एकटा गाडीपेक्षा जास्त खातो. हे तुम्ही मनावर घेता. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी तेवढीच भरलेली, पण तुम्ही उतरलेल्या चेहऱ्यानं 231 सांगता, जणू आता उरलेलं आयुष्य आंबेठाण चौकातच काढायचंय.

उलटही तितकंच खरं. रविवारी सकाळी मोशीतून देहूला जावं, रस्ता मोकळा, हवा गार, वेग चाळीस-पन्नास. तुम्ही खूश. 318, 322, 326. त्या खुशीत एक्सप्रेसवेला लागलं आणि वेग शंभरावर नेला की तुमचं तोंड उतरतं. ऐंशीवरून शंभर म्हणजे वेग सव्वापट, पण वाऱ्याचा विरोध त्याच्या वर्गानं वाढतो: दीडपटीहून जास्त. हे न्यूटनच्या काळापासून माहीत असलेलं गणित तुम्हाला दर खेपेला नव्यानं कळतं. 

घाटातला तमाशा तर तिकीट लावून दाखवण्यासारखा. मुंबईहून येताना खोपोली ते लोणावळा साडेपाचशे मीटर चढ. माणसांसकट अठराशे किलोची गाडी तेवढी उचलायला निव्वळ पावणेतीन युनिटं लागतात, वर चाकांचा आणि वाऱ्याचा खर्च वेगळा. म्हणजे घाटाच्या त्या दहा-पंधरा किलोमीटरांत तुमचे तीसेक किलोमीटर गडप होतात. तेही समजू शकतो. पण वर पोचल्यावर तुम्ही असं गृहीत धरता की इथून पुढं जगच चढाचं आहे, आणि पुण्यापर्यंतचा सपाट रस्ता संपेस्तोवर घाबरवत राहता. परत जाताना त्याच घाटात उतरलं की प्रवास होतो तो होतोच, वर तुमचे किलोमीटर वाढतात. माझ्या सासऱ्यांना त्या वेळी वाटलं की ही गाडी अशीच उतारानं चालवत नेली तर कधी भरावीच लागणार नाही. त्यांचं चुकलं नाही. तुम्ही त्यांना तसं दाखवलंत.

पहिला अंदाज, म्हणजे उरलेली युनिटं किती, हा त्याहून नाजूक. पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा फ्लोट असतो. बॅटरीत डोकावून बघायला काही नाही. आत गेलेला आणि बाहेर पडलेला करंट मोजत बसायचं आणि अधूनमधून व्होल्टेज बघून हिशेब जुळवायचा. हल्ली बऱ्याच गाड्यांत एलएफपी सेल असतात. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ईमध्येही तेच. हे सेल दणकट, गरम झाले तरी लवकर पेट न घेणारे, भरपूर सायकल झेलणारे. खोड एकच: वीसपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत त्यांचं व्होल्टेज 3.2-3.3च्या आसपास सपाट राहतं. त्यावरून किती उरलं हे ओळखणं अवघड. करंटच्या मोजणीतली बारीकशी चूक साचत जाते, आणि ती पुसायची तर मधूनमधून बॅटरी शंभर टक्के भरावी लागते. वरच्या टोकाला व्होल्टेज उडी मारतं, तेव्हा कुठं हिशेबनिसाला कळतं की पान भरलं. म्हणून एलएफपीला काही कंपन्या आठवड्यातून एकदा पूर्ण भरायला सांगतात. एनएमसी या दुसऱ्या जातीच्या सेलवाल्यांना उलट रोज ऐंशीवर थांबायचा सल्ला, शंभर फक्त लांबच्या प्रवासाला.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या दोन्ही सल्ल्यांची एकच भेळ होते. ‘शंभर कधीच करू नका, बॅटरी मरते’ असं रोज सकाळी सुविचाराखाली येतं. परिणामी एलएफपीवाले शेजारी कैक महिने ऐंशीच्या पुढं गेलेले नाहीत, आणि त्यांच्या डॅशबोर्डावरचा तुमचा भाऊबंद मनाला येईल ते बोलतो. एकदा तर बारा टक्क्यांवरून तो थेट पाचवर आला, मध्ये कुठंही न थांबता. मी म्हटलं, गुरुवारी पूर्ण भरा. भोसरीत गुरुवार सुट्टीचा. पण तोच वार वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचाही असतो. 45 युनिटांची बॅटरी साध्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर, 3.3 किलोवॅटनं, रिकामीपासून भरायला चौदा-पंधरा तास घेते. मधले पाच तास लाइट नाही म्हटल्यावर करा हिशेब. त्यात पार्किंगच्या सॉकेटला अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा लावून रुसतो. सोसायटीचा वायरमन म्हणतो, “इस्त्री चालते की त्यावर, मग गाडीला काय झालं?”

फास्ट चार्जरचं फार बोलत नाही. ती तुमची चूक नव्हे. 60 किलोवॅटच्या मशीनला गन दोन आणि दोन्ही लागल्या की वाट्याला तीस-तीस. ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरी स्वतःच वेग कमी करते, कारण भरत आलेल्या सेलमध्ये घाईनं कोंबलं तर लिथियम आत मुरायच्या ऐवजी वर धातू होऊन साचायला लागतं. तरी ऐंशीच्या पुढच्या वीस टक्क्यांसाठी गन अडवून, गाडीत एसी लावून झोपणारे महाभाग हायवेवर भेटतात. त्यांनाही तुम्हीच भरीला घातलेलं असतं: आणखी वीस मिनिटं थांबा, मी तीनशे दाखवतो.

आता तुमच्या धाकट्यांविषयी. त्यांना घराबाहेर कुणी आणत नाही. बॅटरीची तब्येत सांगणारा आकडा, सर्व्हिसवाले ज्याला एसओएच म्हणतात: नवी असताना जेवढी वीज मावत होती तिच्या किती टक्के आता मावते. मला विचाराल तर तिन्ही भावांत कामाचा हाच. तुम्ही आजचं सांगता, हे आठ वर्षांचं सांगतात. पण माझ्या गाडीत ते डॅशबोर्डावर दिसत नाहीत. सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपमध्ये असतात, आणि तिथं विचारलं तर कागदावर ‘बॅटरी ओके’ लिहून मिळतं. ओके हा गो, नो-गो गेजचा निकाल झाला. गो बाजू गेली आणि नो-गो बाजू अडली की जॉब पास, नाही तर फेल. किती गेला, किती झिजला, ते त्यात कळत नाही. जी बॅटरी गाडीच्या किमतीचा मोठा वाटा खाते तिला आम्ही दहा रुपयांच्या बुशची परीक्षा लावतो.

तब्येत खालावते ती दोन वाटांनी. वापरून, आणि नुसतं पडून. दुसरी वाट आमच्या पट्ट्यात जास्त चालते. सेल जितका भरलेला आणि जितका गरम, तितकी आतली नको असलेली रासायनिक क्रिया जोरात. ढोबळ मानानं दर दहा अंशांना तिचा वेग दुपटीकडे जातो. आता एप्रिलमधलं एमआयडीसीतलं पार्किंग डोळ्यांसमोर आणा. शेड आहे, पण ती दुचाकींना आणि डायरेक्टरसाहेबांच्या गाडीला. बाकीच्यांची गाडी रात्रभर घरी शंभर टक्के भरून आलेली, सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत चाळीस अंशांच्या उन्हात, डांबरावर. जायचं-यायचं अंतर तीस किलोमीटर. तिला शंभर टक्क्यांची गरज काय होती? गरज नव्हती, तुमचा मोठा आकडा बघून घरच्यांना बरं वाटत होतं.

कॅनडाच्या जिओटॅब कंपनीनं 2024 साली हजारो गाड्यांची माहिती तपासून झीज वर्षाला सरासरी 1.8 टक्के काढली होती. म्हणजे बॅटऱ्या लोकांना वाटतं तितक्या नाजूक नाहीत. सुरुवातीला जरा भराभर उतरतात आणि मग बराच काळ सावकाश. हे चांगलं आहे. पण सरासरीत माझी गाडी कुठं बसते, हे मला कोण सांगणार? वॉरंटीचा सर्वसाधारण साचा आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, आणि क्षमता सत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर दाद. याचा अर्थ तुमच्या 287 चे 201 झाले तरी कागदोपत्री सगळं निरोगी. 2022 साली संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम मंचानं जागतिक तांत्रिक नियम क्रमांक 22 मंजूर केला. पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरला ऐंशी टक्के, आठ वर्षं किंवा 1,60,000 ला सत्तर टक्के क्षमता राहिलीच पाहिजे; शिवाय तब्येतीचा आकडा मालकाला गाडीतच दिसला पाहिजे, आणि तो खऱ्या मोजणीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त फुगवलेला नसावा. म्हणजे धाकट्यांसाठी टॉलरन्स लिहून झाला. छापील. तोही एकाच बाजूचा, वरच्या. स्पीडोमीटरच्या नियमामागचं शहाणपण इथंही दिसतं.

जुन्या गाड्यांच्या बाजारात याची किंमत रोकडी आहे. पिंपरीच्या कुठल्याही जुन्या गाडीच्या डीलरकडे पेट्रोल गाडी घ्यायला गेलात तर मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकतो, डिपस्टिक काढून बोटावर ऑइल घासतो. विजेच्या गाडीला आवाज नाही, ऑइल नाही. मेकॅनिक ओबीडीचं डोंगल आणि मोबाइलवरचं ॲप घेऊन येतो आणि जो आकडा येईल त्यावर लाखाचा व्यवहार ठरतो. त्या आकड्याचं कॅलिब्रेशन कुणी केलं, हे विचारलं की दोघंही माझ्याकडे बघून हसतात.

गिऱ्हाइकांना मी सोडत नाही. शोरूममध्ये पाय ठेवल्याबरोबर आमचा पहिला प्रश्न असतो, “ॲव्हरेज किती देते?” एक आकडा हवा असतो, मोठा, मेव्हण्याला फोनवर सांगता येईल असा. सेल्सवाल्या पोरानं ‘दोनशे ते तीनशे, तुम्ही कशी चालवता त्यावर’ असं खरं सांगितलं तर आम्ही रस्ता ओलांडून समोरच्या शोरूममध्ये जातो. तुमच्या घराण्याला आम्हीच खाऊ-पिऊ घातलं.

तेव्हा मागणी साधी आहे. एक आकडा बंद करा, दोन दाखवा. आहे याच वेगानं, याच एसीत गेलं तर इतके. वाऱ्याविरुद्ध, शंभरच्या वेगानं गेलं तर इतके. मोठा आकडा बारीक अक्षरात आणि छोटा ठळक. शेवटच्या अंकाची ऐट सोडून पाच-पाचच्या पायरीनं बोला. शेजारी धाकट्यांना खुर्ची द्या: 94 टक्के, प्लस-मायनस 3, मोजल्याची तारीख अमुक. आणि एलएफपीवाल्यांच्या घरी असाल तर ‘फार दिवस झाले, मला एकदा पूर्ण भरून घ्या, नाही तर माझ्यावर विसंबू नका’ एवढं वाक्य लिहा. सीटबेल्टसाठी टुंग-टुंग करायला तुम्हाला लाज वाटत नाही, मग याची का वाटावी?

शनिवारी नाशिकला लग्नाला जायचंय. सकाळी मोशीतून निघताना तुम्ही 287 म्हणणार, ते मी धरून चाललोय. त्यातून चौथाई कापली की 215 उरतात आणि रस्ता दोनशेच्या आत-बाहेर, मध्ये चंदनापुरीचा घाट. म्हणून संगमनेरला जेवणाचं आणि गनचं एकाच ठिकाणी जमवलंय. बायकोला सांगताना फक्त जेवणाचं सांगितलंय. वाटेत नारायणगावच्या पुढं तुमचं काही वेगळं मत झालं तर कृपया मोठ्यानं बोलू नका, मागे सासरे असतील.

कळावे,
क्वालिटीवाला, भोसरी एमआयडीसी